शाळेत वंशभेद शिकवला, पण "आपल्याकडे असं नव्हतं" लिहून मुलं मोकळी झाली. ठाण्यातल्या मुलांना काय दाखवायचं?

घोडबंदर_आई

नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, मुलगी आठवीत आहे, इंग्लिश मीडियम. यंदा त्यांच्या सोशल सायन्सला वंशभेदावर एक युनिट घेतलं आणि टीचरनी खरंच मन लावून शिकवलं. बसमधली जागा गोऱ्या माणसासाठी सोडली नाही म्हणून अटक झालेल्या रोझा पार्क्स, मंडेला, दक्षिण आफ्रिकेत सोवेटोला रस्त्यावर उतरलेली शाळेतली मुलं, गांधीजींना पीटरमारित्झबर्गला गाडीतून उतरवलं ते, सगळ्यांचे चार्ट झाले. माझ्या मुलीने पुठ्ठ्याची बस केली आणि घरी आल्यावर दोन दिवस तेच बोलत होती, की आई एवढ्याशा गोष्टीसाठी अटक कशी करू शकतात.

मग टीचरनी दुसरा भाग दिला, की आता आपल्या जिल्ह्यात, आजूबाजूला माणसामाणसात असा भेद कुठे पाळला गेला आणि त्याच्याविरुद्ध कोण उभं राहिलं ते शोधून आणा. इथे सगळं अडलं. पालकांच्या ग्रुपवर लगेच मेसेज सुरू झाले की जातीचा विषय शाळेत कशाला, मुलांच्या डोक्यात नाही ते घालू नका, त्यापेक्षा ठाण्याचे तलाव घ्या, देवळं घ्या. आणि खरंच विषय बदलून "ठाण्याचा वारसा" झाला. ज्या मुलांनी आधीच लिहून टाकलं होतं त्यातल्या बहुतेकांनी लिहिलंय की हे अमेरिकेत आणि आफ्रिकेत होतं, आपल्याकडे फक्त जुन्या काळी थोडी अस्पृश्यता होती ती कायद्याने गेली. माझ्या मुलीनेही जवळपास तेच लिहिलं होतं, मी वाचलं आणि मला बसवेना.

शाळेशी भांडायचं नाहीये मला, टीचर चांगल्या आहेत आणि त्यांच्यावर दबाव आला हे दिसतंय. पण मुलीने हा प्रोजेक्ट घरी तरी नीट करावा असं वाटतं आणि ती तयार आहे. अडचण अशी की मला स्वतःला ठाणे जिल्ह्याचं यातलं फारसं काही माहीत नाही. आणि दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे, तिची अगदी जवळची मैत्रीण आहे, तिचे आजोबा महाड तालुक्यातले, घरात बाबासाहेबांचा फोटो. वर्गात हा विषय चालू होता तेव्हा ती मुलगी एक शब्द बोलली नाही म्हणे. माझ्या मुलीने वही घेऊन तिच्यासमोर बसावं आणि "सांग तुझ्या आजोबांना काय काय झालं" असं विचारावं हे मला अजिबात नकोय. मग करायचं कसं? काय वाचायला द्यायचं, कुठे न्यायचं, शिक्षक मंडळी असतील तर प्लीज सांगा.

निवृत्त_गुरुजी_कळवा

ताई, त्या टीचरना माझा नमस्कार सांगा, दुसरा भाग देण्याचं धाडस त्यांनी केलं हीच मोठी गोष्ट आहे.

तुम्ही ठाण्याचं विचारलंत तर ठाण्यापासूनच सांगतो. महाडच्या चवदार तळ्याचा खटला ठाण्याच्या कोर्टात चालला होता. हे मी वर्गात सांगायचो तेव्हा मुलं दचकायची, कारण त्यांच्या पुस्तकात चवदार तळं म्हणजे दोन ओळी, बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला तळ्याचं पाणी प्राशन केलं. वाचणाऱ्या पोराला वाटतं पाणी प्यायले, तळं खुलं झालं, संपलं.

खरी गोष्ट मागून आणि पुढून दोन्हीकडून लांब आहे. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करा. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनेही ठराव केला की आमचं तळं खुलं आहे. म्हणजे कागदावर तळं तीन वर्षं खुलं होतं आणि एकही अस्पृश्य माणूस तिथे पाणी भरू शकत नव्हता. म्हणून १९२७ चा मोर्चा. पाणी पिऊन लोक परत परिषदेच्या मंडपात आले तर गावात अफवा उठवली की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, आणि लोकांना मारहाण झाली, कित्येकांनी मुसलमानांच्या घरात आसरा घेतला. मग तळं बाटलं म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही घालून १०८ घागरींनी शुद्ध केलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आधीचा ठरावच मागे घेतला. डिसेंबरात परत परिषद ठरली तर मंडपाला कोणी जागा देईना, शेवटी फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी दिली. आणि परिषदेच्या आधीच काही मंडळी कोर्टात गेली की तळं आमचं आहे, अस्पृश्यांना मनाई करा.

१९३१ मध्ये महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला, त्यावर अपील ठाण्याला आलं, ठाण्याच्या न्यायाधीशांनीही महाडचाच निकाल कायम केला, मग हायकोर्ट, आणि १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाने सांगितलं की फिर्यादी म्हणतात ती अनादी काळापासूनची वहिवाट त्यांना सिद्ध करता आलेली नाही. दहा वर्षं, एका तळ्याच्या पाण्यासाठी, ज्यात गुरंढोरं कायम पाणी पीत होती. हायकोर्टाच्या निकालात पहिलंच नाव ब्रूमफील्ड, ज्यांनी १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली तेच. निकाल फार मोठा नाही, आठवीची मुलगी आईबरोबर बसून वाचू शकते.

मी हे इतकं लांबण लावून सांगतोय कारण तुमच्या मुलीच्या वर्गातली मुलं जे लिहून गेली ना, "कायद्याने गेली", त्याला याच्याइतकं चांगलं उत्तर मला दुसरं माहीत नाही. सरकारी ठराव १९२३ लाच बाजूने होता. अमेरिकेतही १९५४ ला सुप्रीम कोर्टाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा एकत्र करा सांगितलं आणि १९६० ला न्यू ऑर्लिन्समध्ये रुबी ब्रिजेस नावाच्या सहा वर्षांच्या मुलीला पोलीस मार्शल घेऊन शाळेत जावं लागलं. मुलीला म्हणावं या दोन गोष्टी शेजारी शेजारी मांड.

अजून एक जोडी देतो. गांधीजींची गाडी १८९३ ची, ती सगळ्यांना पाठ. १९०१ ला सातारा जिल्ह्यात मसूर स्टेशनवर नऊ-दहा वर्षांचा भीमराव भावंडांबरोबर उतरला, वडिलांना भेटायला चालला होता, कपडे नीटनेटके, स्टेशनमास्तर आधी प्रेमाने बोलला आणि जात कळल्यावर चटकन मागे झाला, गाडीवान गाडी हाकायला तयार होईना, दुप्पट पैसे द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची असं ठरलं, रात्रभर पाणी मिळालं नाही. दोन्ही रेल्वे स्टेशनं, मध्ये फक्त आठ वर्षं. एक प्रसंग वंशभेदाच्या धड्यात येतो आणि दुसरा थोर पुरुषाच्या बालपणात येतो, असं वेगळं करून शिकवलं की मुलांना ते एकसारखे दिसतच नाहीत.

पाचपाखाडीकर

गुरुजींबद्दल आदर ठेवून थोडं वेगळं मत मांडतो. वंशभेद आणि जातिभेद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सरसकट एकत्र केल्या तर मुलांचा गोंधळ होईल. आणि माझा मुलगा सहावीत आहे, त्याच्या मित्रांची जात त्याला माहीत नाही, मलाही नाही. ते एकत्र डबा खातात, एकत्र क्रिकेट खेळतात. ही पिढी मोकळी झालीये असं मला मनापासून वाटतं, मग आपणच त्यांना शिकवायचं का की बघा, तो कोण आणि तू कोण? मी काही लपवा असं म्हणत नाहीये. पण वय बघावं, आणि वर्गातल्या एखाद्या मुलाला आपण अपराधी आहोत असं वाटता कामा नये, त्याने काहीच केलेलं नसताना. ग्रुपवरचे सगळे पालक वाईट मनाचे नसतात, काहींना खरंच भीती वाटते.

निखिल_कामोठे

दादा तुमची भीती मी समजू शकतो पण एक गोष्ट सांगू का, मुलांना माहीत नसतं हे तुम्हाला तुमच्या बाजूने दिसतं. आमच्या बाजूच्या मुलांना फार लवकर माहीत होतं. माझं शिक्षण याच पट्ट्यात झालं, शाळेचं नाव नको. स्कॉलरशिपचे फॉर्म आले की वर्गात नावं पुकारून उभं करायचे आणि सगळा वर्ग वळून बघायचा. आडनाव विचारायचे, आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारायचे, गावावरून नाही कळलं तर गावात घर कुठे. आणि इतिहासाला बाबासाहेबांचा धडा आला की सर वाचता वाचता माझ्याकडे बघून थांबायचे, जणू तो धडा माझ्या एकट्यासाठी आहे. तो धडा खरं तर माझ्या शेजारी बसलेल्यासाठी जास्त होता. त्याला कोणी सांगितलंच नाही की तळ्यावर काठ्या घेऊन कोण आलं होतं आणि का.

वंश आणि जात वेगळे आहेत, बरोबर. जातीचं मूळ वंशात आहे हे स्वतः बाबासाहेबांनीच नाकारलं होतं आणि त्यावर सविस्तर लिहून ठेवलंय. पण वेगळे असले तरी ज्यांच्यावर बेतलं त्यांनी एकमेकांना केव्हाच ओळखलं होतं. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी लिहिली ती अमेरिकेतल्या ज्या लोकांनी काळ्यांची गुलामी संपवण्यासाठी झटून काम केलं त्यांना अर्पण केली. पुण्यात बसून, त्या काळात. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेचं नाव घेऊन. १९४६ ला बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं. म्हणजे मुलांचा गोंधळ होईल म्हणतो आपण, पण ही जोडणी तर आपल्याच लोकांनी दीडशे वर्षांपूर्वी केलेली आहे, शाळेने फक्त सांगायची आहे.

@घोडबंदर_आई ताई, मैत्रिणीच्या बाबतीत तुम्ही जो विचार केलात तो बघून बरं वाटलं. माझी एकच विनंती, त्या मुलीला साक्षीदार बनवू नका. ती स्वतःहून बोलली तर ऐका. आणि मुलीला वाचायला काय द्यायचं विचारलंत तर मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजाची मुलगी, वय चौदा, म्हणजे तुमच्या मुलीच्याच वयाची. १८५५ साली तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. वेद जर फक्त ब्राह्मणांचे तर आम्ही धर्माशिवायचे झालो ना, मग देवा आमचा धर्म कोणता ते तरी सांग, असं ती सरळ विचारते. छोटा आहे निबंध. रोझा पार्क्सच्या शंभर वर्षं आधीचा आहे आणि लिहिणारी शाळकरी मुलगी आहे.

आणि नवी मुंबई नवी मुंबई करतो आपण, पण कामोठे, खारघर, पनवेल हे सगळं रायगड जिल्ह्यात येतं, जुना कुलाबा जिल्हा, महाड त्याच जिल्ह्यात. म्हणजे इथल्या शाळांना "आपल्या जिल्ह्यात" शोधायला सांगितलं तर पहिलं उत्तर तेच असायला हवं.

डोंगरची_वाट

मी मूळची तलासरीकडची, वारली, आता ठाण्यात नोकरीला. हा धागा वाचून लिहावंसं वाटलं कारण वर सगळं बोलणं झालं आणि आमचं नाव कुठेच आलं नाही, नेहमीप्रमाणे.

ठाण्यातल्या बहुतेक शाळांच्या भिंतीवर वारली चित्रं असतात. दिवाळीला मुलं पणत्यांवर तीच चित्रं काढतात, त्रिकोणाची माणसं, तारपा, गोल नाच. मला ते आवडतं, आमच्या जिव्या सोमा म्हसेंना २०११ ला पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे केवढा आनंद झाला होता. पण ती चित्रं काढणाऱ्या मुलांना विचारा की वारल्यांना वेठबिगार करावी लागायची म्हणजे काय, एकालाही सांगता येणार नाही. आणि हे खास ठाणे जिल्ह्याचं आहे, २०१४ ला पालघर वेगळा झाला त्याआधी डहाणू-तलासरी ठाणे जिल्ह्यातच होतं.

आमच्या आजे-पणजे लोकांनी सांगितलेलं हे आहे. सावकार-जमीनदाराने बोलावलं की आपलं शेत सोडून त्याच्या शेतावर जायचं, पैसे नाहीत, कधी थोडं भात मिळालं तर मिळालं. लग्नाला कर्ज घेतलं तर नवराबायको दोघं त्या मालकाकडे राबायचे, लग्नगडी म्हणायचे त्यांना, कर्ज कधी फिटायचंच नाही. आणि तुम्ही माणसातच नाही, जंगली आहात, तुम्हाला मार दिल्याशिवाय कळत नाही, हे मालक लोकांचं ठाम मत. वंशभेद म्हणजे आणखी वेगळं काय असतं मला माहीत नाही.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथे आमच्याकडची काही माणसं गेली होती. टिटवाळा म्हणजे तुम्ही गणपतीला जाता तेच. त्याच वर्षी मे महिन्यात झरी गावाला सभा झाली आणि ठरलं की वेठ करायची नाही. किसान सभेचे गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर गावोगाव फिरत होते. वेठ बंद झाली, लग्नगडी सुटले, मग लोकांनी गवत कापणीची मजुरी वाढवून मागितली. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, पाच माणसं गेली, जेठ्या गांगड त्यातला. आमच्याकडे अजून त्या दिवशी लोक जमतात.

ताई, तुमच्या मुलीला म्हणावं की शाळेच्या भिंतीवरच्या चित्राखाली हे लिहून लाव. आणि एक, कातकरी लोकांबद्दलही बघायला सांगा, तुमच्या घोडबंदरच्या टॉवरच्या विटा भिवंडी-शहापूरकडच्या ज्या भट्ट्यांवरून येतात तिथे पावसाळा संपला की ती कुटुंबं जातात आणि मुलांची शाळा सुटते. हे जुन्या काळचं नाहीये.

पाचपाखाडीकर

तलवाड्याचं मला खरोखर माहीत नव्हतं. जन्म ठाण्यातला आहे. धन्यवाद सांगितल्याबद्दल.

मीनल_ऐरोली

माझी बहीण कॅनडात व्हँकुवरजवळ राहते म्हणून तिकडचं थोडं सांगते, कारण तिथल्या शाळांनी हाच प्रश्न सोडवायचा प्रयत्न केलाय. तिथे मूळ रहिवाशांच्या सुमारे दीड लाख मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवलं होतं, त्यांची भाषा बोलू द्यायचे नाहीत, केस कापायचे, कित्येक मुलं तिथेच मेली, शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या म्हणजे फार जुनंही नाही. २०१५ ला तिथल्या सत्यशोधन आयोगाने ९४ शिफारशी केल्या आणि त्यातली एक स्पष्ट आहे की हा इतिहास बालवाडीपासून बारावीपर्यंत वयाला झेपेल अशा रीतीने सक्तीने शिकवा. म्हणून भाच्याला अगदी लहान वर्गातच हे कळलं. लहान मुलांना एका मुलीची गोष्ट सांगतात, जिचा आजीने घेतलेला नवा केशरी शर्ट शाळेत पहिल्याच दिवशी काढून घेतला, ३० सप्टेंबरला सगळी शाळा केशरी शर्ट घालून येते. मोठ्या वर्गात मग आकडे, कायदे, कोणी सह्या केल्या ते सगळं. म्हणजे @पाचपाखाडीकर दादा म्हणतात तसा वयाचा विचार करता येतो, त्यासाठी विषय टाळावा लागत नाही.

आणि आपल्याच लोकांचं सांगायचं तर कोमागाटा मारू. मे १९१४ ला ३७६ प्रवासी घेऊन जहाज व्हँकुवरला पोचलं, जवळपास सगळे पंजाबी, दोन महिने बंदरात अडवून ठेवलं आणि २४ जण सोडून बाकी सगळ्यांना परत पाठवलं. परत आले ते कलकत्त्याजवळ बजबजला, तिथे आपल्याच भूमीवर इंग्रजांनी गोळ्या घातल्या. भाच्याची शाळा बंदरावरच्या स्मारकापाशी घेऊन गेली होती, जहाज उभं होतं तिथेच. बहीण म्हणाली की वर्गात सगळ्या रंगांची मुलं होती आणि शिक्षिकेने सगळ्यांना एकच काम दिलं, त्या वेळच्या गावातल्या पेपरात काय छापून आलं होतं ते वाचा आणि सांगा की लिहिणारा कोणाच्या बाजूने बोलतोय. गोऱ्या मुलांना कोणी अपराधी म्हटलं नाही. पण त्यांच्या गावाने काय केलं हे त्यांना कळलं.

कुठे न्यायचं विचारलं होतंत, तर आमच्या ऐरोलीत सेक्टर १५ ला बाबासाहेबांचं स्मारक आहे, ग्रंथालय आहे, फोटो आहेत. ठाण्याहून लांब नाही.

मणिपुरी_मैत्रीण_खारघर

मराठी शिकतेय, चुकलं तर माफ करा. खारघरला कॉलेजला आहे. रिक्षात, बाजारात मला रोज कोणीतरी चिंकी म्हणतं, कोणी विचारतं चीनची का नेपाळची. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या मुलाचा मृत्यू झाल्यावर बेझबरुआ समिती नेमली होती, तिने सांगितलं होतं की ईशान्य भारताचा इतिहास शाळेत शिकवा. ज्या मुलांनी मंडेलाचा चार्ट केला त्यांनी प्लीज हे पण लिहा की नवी मुंबईत आता काय होतं.

उलवे_आगरी

आमचं पण घ्या प्रोजेक्टमध्ये. अलिबागजवळ चरीचा संप, १९३३ पासून सहा वर्षं खोतांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, जुलमाविरुद्ध कुळांनी जमीन कसली नाही, नारायण नागू पाटील पुढारी. पाला विकून, लाकूडफाटा विकून दिवस काढले लोकांनी पण मागे हटले नाहीत. बाबासाहेबांनी १९३७ ला खोती बंद करायचं बिल आणलं ते याच काळात. आगरी समाज म्हणजे बंगला आणि सोनं एवढंच दाखवतात रील्समध्ये, शाळेत पण कोणी सांगत नाय.

घोडबंदर_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, मुलीला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. तलवाड्याचं ऐकून ती गप्प झाली आणि मग म्हणाली की आमच्या शाळेच्या गेटवरच वारली पेंटिंग आहे. तिने ठरवलंय की ठाण्याच्या कोर्टापासून सुरू करायचं. "ठाण्याचा वारसा" हाच विषय दिलाय ना, मग हाही ठाण्याचा वारसाच आहे असं ती टीचरना सांगणार आहे, मला वाटतं टीचर हो म्हणतील.

गुरुजी, एक शेवटचं विचारते. वर्गातली बाकीची मुलं यात कशी येतील? ही एकटीच सादर करणार आणि सगळे तिच्या मैत्रिणीकडे वळून बघणार, निखिलदादांनी सांगितलं तसं, हे टाळायचं कसं?

निवृत्त_गुरुजी_कळवा

याचं उत्तर मला वर्गातच सापडलं ते सांगतो. प्रश्न सगळ्यांना द्यायचा, आणि तो "तुमच्यावर काय अन्याय झाला" असा द्यायचाच नाही. प्रत्येकाने आपल्या आजीआजोबांना विचारायचं की तुमच्या गावात पाणी कुठून भरायचे, कोण कुठल्या विहिरीवर जायचं, शाळेत कोण कुठे बसायचं, आपल्या घरात कोणाला कुठपर्यंत येऊ द्यायचे, कोणाला वरून पाणी ओतायचे, कोणाची कपबशी वेगळी असायची आणि ती कोण धुवायचं. ठाण्यात कोकणातलं, घाटावरचं, खानदेशातलं, गुजरातचं, यूपीचं कोणीही असो, प्रत्येक घरात याचं काहीतरी उत्तर आहेच. ज्यांच्या घरात कपबशी वेगळी ठेवायचे ती मुलंही उत्तर आणतात. माझ्या वर्गात अशा एका मुलाने आजीने सांगितलेलं जसंच्या तसं लिहून आणलं होतं, आजीला ते सांगताना त्रास झाला होता आणि तिने तरी सांगितलं. मग सगळा वर्ग एकाच मुलीकडे कशाला बघेल, सगळ्यांच्याच वहीत काहीतरी असतं.

त्याच्या खाली दुसरा प्रश्न, आज काय आहे. आपल्या सोसायटीत घरकामाच्या मावशी कुठल्या लिफ्टने येतात? त्यांना चहा कशातून देतो? गटारात कोण उतरतं? हे मुलं स्वतः बघू शकतात, कोणाला विचारायलाही नको. @पाचपाखाडीकर, सहावीच्या मुलालाही हे जमतं, करून बघा.

जुनी कागदपत्रं हवी असतील तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर ऑनलाइन मिळतं, त्यात जिल्ह्यातल्या एकेका जातीजमातीवर मजकूर आहे. तो जसाच्या तसा खरा मानायचा नाही, मीनलताईंच्या भाच्याने केलं तसं वाचायचं, लिहिणारा साहेब कोण आणि तो कोणाबद्दल कुठल्या सुरात लिहितोय. आणि बदलापूरचंही बघा, १९२७ मध्ये महाडनंतर थोड्याच दिवसांत तिथल्या शिवजयंतीला बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं होतं आणि बोलावणारे पालये शास्त्री ब्राह्मण होते. मुलांनी हेही सांगावं. सगळी माणसं एका बाजूला नव्हती, महाडचे नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस होते, डिसेंबरच्या त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली, तो ठराव मांडणारे सहस्रबुद्धे होते. पाचपाखाडीकरांना जी अपराधीपणाची काळजी आहे ना, तिच्यासाठी ही नावं उपयोगी पडतात, कारण मुलाला दिसतं की त्या वेळीही निवड करता येत होती.

महाडला जायचं असेल तर २० मार्चला आणि २५ डिसेंबरला खूप गर्दी असते, राज्यभरातून लोक येतात. ती गर्दी एकदा बघावीच, पण मुलीला निवांत बघायचं, लिहून घ्यायचं असेल तर मधला एखादा रविवार धरा. पनवेलवरून मुंबई-गोवा हायवेने जायचं, सकाळी लवकर निघा. तळं गावातच आहे. आधी तळं बघा, मग जिथे मनुस्मृती जाळली त्या क्रांतिभूमीवर जा, आणि परत येताना ठाण्याच्या कोर्टावरून गाडी घ्या.

निखिल_कामोठे

ताई, महाडला जायचं ठरलं तर इथे कळवा. माझे मामा तिथेच राहतात, जेवायला त्यांच्याकडे थांबा. आणि मैत्रिणीला यायचं असेल, तिच्या घरचे हो म्हणत असतील, तर तिलाही घेऊन या, कोणाचं काही लिहून घ्यायला नाही, नुसतं फिरायला.

घोडबंदर_आई

हो, विचारते तिच्या आईला. पावसाळ्याआधी जमवतो.